टेकडीवरचं नाव

३ फेब्रुवारी

बेबाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती आज पुरी झाली. पांढरीशुभ्र, कमरेएवढी उंच, बुंध्याशी ऑलिव्हची डहाळी. फीत मात्र कोरीच ठेवली. गिऱ्हाइकांच्या मेणबत्त्यांवर मी नावं आधीच घालून देते, हल्ली कोण पाळतं. पण घरचं मूल म्हटल्यावर हात धजेना. चर्चमध्ये नाव उच्चारलं जाईपर्यंत ते लिहू नये, त्या नावानं हाक मारू नये, असं आई सांगते. त्यामुळे सात महिन्यांची झाली तरी माझी भाची अजून नुसती 'बेबा' आहे.

नाव ठरलेलंच आहे म्हणा. गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात आर्गिरो वोलोसहून बेटावर आली आणि आम्ही दोघी बहिणी टेकडी चढलो. अनवाणी, पहाटे, बाकीच्या बायकांच्या रांगेत. वर देवमातेसमोर ती काय बोलली ते मी शेजारी उभं राहून ऐकलं. मूल दे, तुझंच नाव ठेवीन. मुलगा झाला तर त्सांबिकोस, मुलगी झाली तर त्सांबिका. मग तिनं तिथल्या दिव्यातल्या वातीचा तुकडा गिळला. तिला ओकारी आली, तरी गिळला. नऊ वर्षं डॉक्टर झाले होते, इंजेक्शनं झाली होती. पुढच्या जुलैत बेबा.

नुना, म्हणजे बेबाची धर्ममाता, मीच होणार. बाळाला हातात धरायची आणि पाद्रीबाबांनी विचारलं की नाव सांगायची. म्हणजे माझंच नाव मला सांगायचं आहे. गंमत वाटते.

संध्याकाळी आर्गिरोचा फोन आला होता. "ताई, नावाचं जरा बोलायचं होतं." दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हटलं उद्या कर.

४ फेब्रुवारी

तिला ते नाव नको आहे.

"लुकास म्हणतो, इथे कुणाला ते नीट म्हणता यायचं नाही," ती म्हणाली. लुकास म्हणजे तिचा नवरा, वोलोसचाच.

"लुकासचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

"शाळेत पोरं चिडवतील."

"मला चिडवलं का?"

"तू इथल्या शाळेत होतीस. तुझ्या वर्गात तुझ्यासकट चार त्सांबिका होत्या."

खरं आहे ते. आमच्या बेटावर ही नावं घरोघरी आहेत, आजूबाजूच्या दोनचार बेटांवर थोडीफार, आणि पुढे समुद्र ओलांडला की कुणी ऐकलेलंही नसतं. मी वर्षभर अथेन्सला शिकायला होते तेव्हा कचेरीतली बाई म्हणाली, "हे आडनाव झालं, नाव सांगा." तिथेच मी मीका झाले. परत आले तरी मीकाच राहिले. दुकानाच्या पाटीवरही 'मीका' असंच आहे. सुटसुटीत आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही.

पण नवस बोललीस त्याचं काय, असं विचारलं तर आर्गिरो म्हणाली, बेबा उठली, ठेवते.

७ फेब्रुवारी

आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या गुडघ्याला थंडी बाधते, त्यात हे कशाला. जेवताना विचारत होती, "बेबाच्या झबल्याला लेस लावलीस का?" लावली म्हटलं. नाव घेतलं नाही आम्ही कुणीच, आणि ते नेहमीचंच असल्यामुळे तिला काही कळलं नाही.

११ फेब्रुवारी

आज फोनवर भांडलो. मीच आवाज चढवला. म्हटलं, मूल हवं होतं तेव्हा गुडघे टेकलेस, मिळालं तर आता लाज वाटते. देवमातेला दिलेला शब्द असा फिरवतात का?

ती अगदी हळू म्हणाली, "लाज नाही वाटत, ताई. मला ती तुझ्यासारखी व्हायला नकोय."

मी फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

माझ्यासारखी म्हणजे कशी?

चव्वेचाळीस वर्षांची आहे. दुकान चांगलं चालतं. घर आहे, आई आहे, अंगणात संत्र्याची तीन झाडं आहेत. मी नवसाची मुलगी, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे मला त्या मानानं वागवतात. दर सप्टेंबरात अनवाणी टेकडी चढते, एकही वर्ष चुकलेलं नाही. फोतिसनं लग्न करून मेलबर्नला चल म्हटलं होतं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. आई म्हणाली, देवमातेनं तुला मला दिलं, तुला परमुलखात कशी धाडू? ते मला पटलं होतं. ज्यानं दिलं त्याच्या दारापासून लांब जाऊ नये. फोतिसला आता तीन मुलं आहेत आणि तो दर नाताळाला कार्ड पाठवतो.

यात वाईट काय आहे ते आर्गिरोनं सांगावं. मी काही दुःखी नाही. आज दिवसभरात बाप्तिस्म्याला वाटायच्या बदामाच्या दीडशे पुड्या बांधल्या आणि प्रत्येक गाठ सारखी आली.

२० फेब्रुवारी

बेकरीवाल्या थोरल्या त्सांबिकाबाई नातवाच्या बाप्तिस्म्याचं सामान बघायला आल्या होत्या. ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाचं नाव ओरिओन.

"ओरिओन?" मी म्हटलं.

"तारे आहेत म्हणे आकाशात. आमच्या वेळी तारे बघून शेळ्या बांधायचो, नावं नव्हतो ठेवत." मग बाळाची टोपी उलटसुलट करत म्हणाल्या, "आता काय ग, सगळ्यांना नवी नवी नावं हवीत. तुझं-माझं नाव पुढच्या पिढीत बोकडालाही ठेवणार नाहीत."

त्यांचं बरोबर आहे. मी दुकान काढलं तेव्हा वर्षाला पंधरावीस त्सांबिका मेणबत्तीवर लिहायचे. गेल्या साली तीन. तेही दुसऱ्या नावाला जोडून, मारिया-त्सांबिका, म्हणजे पुढे मारिया उरते आणि शेपूट गळून पडतं.

मी विचारलं, "तुम्हाला आपलं नाव आवडतं का हो?"

त्यांनी मला असं पाहिलं की जणू मी विचारलं, तुम्हाला आपलं नाक आवडतं का. "आवडायचं काय त्यात? माझं आहे ते."

मग टोपी परत ठेवली. म्हणाल्या, डोकं मोठं आहे पोराचं, बापावर गेलाय.

१ मार्च

आर्गिरो आणि लुकास दोघं मिळून फोनवर आले. लुकासनं फार शिस्तीत बोलून दाखवलं. त्याच्याकडे रीत आहे की पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, म्हणजे असिमिना. आपल्याकडे रीत आहे की आईच्या आईचं द्यायचं. त्यात नवस. त्याला स्वतःला दनाई आवडतं. "म्हणजे एका मुलीला चार नावं झाली, आणि आमच्या घरात रोज भांडण होतं आहे. आम्ही असं ठरवलंय की तुम्ही ठरवा. जुन्या काळी नुनाच ठरवायची. तुम्ही चर्चमध्ये जे सांगाल ते नाव. आधी आम्हाला सांगूही नका."

"आर्गिरोला चालेल?"

आर्गिरो मागून म्हणाली, "चालेल. मला ठरवता येत नाही, ताई. नाव ठेवायची भीती वाटते आणि न ठेवायचीही. तिला ताप आला ना, की मला ती टेकडी दिसते."

चार मे ही तारीख आहे. ईस्टरनंतरचा दुसरा रविवार.

फोन ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो असा की, चला, आता नाव त्सांबिकाच. मग दुसरा विचार आला आणि तो मला लिहवत नाही. लिहितेच. मला बेबाच्या नवसाची काळजी नव्हती. मला कुणीतरी हवं होतं, माझ्यामागून हे नाव वागवणारं. आर्गिरोला ते आधीच कळलं असेल.

३ मार्च

ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला सोमवार. माळावर सगळे पतंग उडवत होते. आईसाठी तिळाची पोळी आणि ऑलिव्ह घेऊन गेले. आई म्हणाली, "तू हल्ली खात का नाहीस?"

८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी आई स्वयंपाकघरात वालपापडी सोलत होती. मला आता राहवेना. सगळं सांगितलं. आर्गिरोला नाव नको आहे, माझ्यावर सोपवलं आहे, आई, तू तिला एक फोन कर. तुझं ती ऐकेल. नवस म्हणजे काय ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू मला मागून घेतलंस.

आई शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "नवस, नवस काय लावलंय सकाळपासून."

"सकाळपासून नाही, आत्ताच तर बोलले."

"बरं, आत्तापासून."

"आई, तू बोलली होतीस ना नवस?"

"केव्हा?"

"माझ्या वेळी."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तू लग्नानंतर दहाव्या महिन्यात झालीस, बये. नवस बोलायला मला सवड कुठे मिळाली?"

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण ती खिडकीकडे बघत होती, आणि आई चेष्टा करते तेव्हा समोरच्याकडे बघते.

मग तिनं सांगितलं. माझी बापाकडची आजी स्तामातिया. तिच्या आईबापांना पाच मुली झाल्यावर सहावीचं नाव असं ठेवलं की मुली व्हायच्या थांबाव्यात. स्तामाता, म्हणजे थांब. आजी फार कडक होती. आपल्याकडची रीत आईच्या आईची, पण आजीनं बाबांना दम दिला की पहिल्या नातीला माझंच नाव, नाहीतर बागेतला वाटा नाही.

"पहिलीच पोर माझी," आई म्हणाली, "आणि तिला मी अंगणातून हाक मारायची, थांब? जन्मभर? ती धावायला लागली की, थांब? मी तुझ्या बाबांना सांगितलं, नाही. ते म्हणाले, आईपुढे कोण बोलणार. मग एका दिवशी जेवताना मी बोलले. म्हटलं, सासूबाई, तुमचंच ठेवलं असतं, पण काय करू, मी टेकडीवर नवस बोलले आहे. म्हातारीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि चमचा खाली ठेवला. पुन्हा अवाक्षर नाही. नवसापुढे कोण बोलणार?"

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"देवमातेच्या नावानं. हो." मग आई म्हणाली, "चाळीस दिवस झाल्यावर तुला पाठीशी बांधलं आणि अनवाणी वर गेले. माफी मागायला. देवमाता काही बोलली नाही. रागावली असती तर तू इतकी धट्टीकट्टी झाली असतीस का?"

मी विचारलं, "आणि गावात सगळे म्हणतात ते?"

"गावात त्सांबिका नाव ऐकलं की सगळे धरूनच चालतात, नवसाची. कुणी विचारलंच नाही."

"आणि फोतिसच्या वेळी? देवमातेनं दिलेली म्हणालीस ते?"

तिनं शेंगांची सालं एका बाजूला गोळा केली.

"तोवर माझाच विश्वास बसला होता," आई म्हणाली.

९ मार्च

दुकान बंद ठेवलं.

११ मार्च

आईशी बोलत नाही. ताट वाढते, औषध देते, बोलत नाही. ती रेडिओ मोठा लावते.

मी हिशेब मांडत बसते. किती सप्टेंबर. पायाला लागलेले किती काटे. अथेन्सहून परत आले ते याच नावाखातर. फोतिसला नाही म्हटलं ते याच नावाखातर. मी कुणाची तरी आहे असं समजून मी सांभाळून, जपून, कडेकडेनं चालले. आणि मला कुणी बांधलेलंच नव्हतं. दार उघडं होतं आणि मी आत बसून दाराची राखण करत होते.

राग कुणावर काढू? तेव्हाच्या चोवीस वर्षांच्या एका सुनेवर?

१३ मार्च

आज रागातच दुकान उघडलं. एक मुंबईत कामाला असलेली, इथे सुट्टीला आलेली बाई मैत्रिणीच्या बाळासाठी चांदीचा क्रूस घ्यायला आली होती. मी पावतीवर सही केली तशी तिनं विचारलं, हे नाव कुठून आलं? मी सवयीनं गोष्ट सांगायला लागले. टेकडीवर रोज तिन्हीसांजेला ठिणगीएवढा उजेड दिसायचा. मेंढपाळ वर गेला तर सरूच्या झाडात देवमातेची तसबीर आणि पुढे दिवा. सायप्रसहून आली होती. लोकांनी तीनदा तिकडे पोचवली, तीनदा ती परत टेकडीवर. जुन्या बोलीत त्सांबा म्हणजे ठिणगी. म्हणून ती त्सांबिका.

सांगता सांगता जाणवलं की या गोष्टीत मूल नाही, नवस नाही, देणं नाही. नुसता लांबून दिसलेला उजेड आहे. बायका आणि नवस पुढे आले.

घरी येऊन आईला विचारलं. चार दिवसांतलं पहिलं वाक्य. "इतकी नावं होती. हेच का घेतलंस?"

आई लगेच बोलली, जणू तयारच बसली होती. "माझ्या बापाच्या बागेतून दिसायचा. वरचा दिवा. मी संत्री वेचायचे आणि अंधार पडला की तो दिसायचा. मला आवडायचा."

"एवढंच?"

"एवढंच. थांब म्हणायचं नव्हतं मला तुला." मग थोड्या वेळानं, "आणि तरी थांबवलंच की."

मी तिच्याजवळ बसले. आम्ही काही रडलो वगैरे नाही. वालपापडी उरली होती ती संपवली.

१७ मार्च

आईला म्हटलं, मी वोलोसला जाऊन येते. बेबाला फक्त फोनवर पाहिलं आहे. आई म्हणाली, "जा की. मी काय कुकुलं बाळ आहे?" शेजारच्यांकडे किल्ली ठेवली आहे. सतरा वर्षांनी बोटीचं तिकीट काढलं.

बोटीवर थंडी वाजेल म्हणून आईनं तिची जुनी शाल पिशवीत कोंबली. दोनदा मी बाहेर काढली, दोनदा तिनं परत घातली.

२३ मार्च, वोलोस

बेबा जड आहे. फोनवर वजन कळत नाही. मला पाहून तिनं ओठ काढले, मग माझं नाक धरलं आणि सोडेना. लुकास म्हणाला, "ती आवडलेल्या माणसांचंच धरते. माझ्या साहेबांचं धरलं नव्हतं."

आज आर्गिरो आणि मी बंदरावर जाऊन बसलो. इथे दारूचा एक पेला मागवला की सोबत छोट्या बशीत काहीतरी येतं, दुसऱ्याबरोबर दुसरं. आम्हाला उपासाला चालणारे शिंपले आणि लोणच्याची मिरची. तिसऱ्या पेल्याला मी विचारलं, "माझ्यासारखी म्हणजे काय ते सांग."

"ताई, सोड ना."

"नाही. सांग."

आर्गिरोनं मिरचीचं देठ चुरगाळलं. "फोतिस गेला त्या दिवशी तू भांडी घासलीस. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा काढून घासलीस. मी दारात उभी होते. आई आत म्हणत होती, देवमातेची आहे माझी पोर. मला तेव्हा वाटलं होतं, मला कधी मुलगी झाली तर ती कुणाचीच नसू दे. तिची तीच असू दे." तिनं डोळे पुसले. "आणि मग मूल होईना तेव्हा मीच वर जाऊन तेच बोलले. तेच नाव. भीतीनं माणूस काहीही बोलतं."

मग मी तिला आईची गोष्ट सांगितली. आधी तिला समजेना. मग समजली. ती इतकी हसली की वाढणारा माणूस बशी घेऊन अर्ध्यातच थांबला. "आई? आपली आई? जी रविवारी साखरेचा डबासुद्धा उसना मागत नाही ती?" हसता हसता ती मध्येच थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. "आणि तू ग?"

"मी आता इथे आहे," मी म्हटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण माझा नवस तर खरा होता ना."

"हो. तुझा खरा होता."

मी चौथा पेला मागवला.

२५ मार्च, वोलोस

देवमातेच्या सणाचं जेवण लुकासच्या आईकडे. आज मासा चालतो म्हणून तळलेला कॉड आणि लसणाचं वाटण. असिमिनाबाई उंच, बोलायला फटकळ, वाढायला सढळ. आर्गिरोनं आईची गोष्ट त्यांच्यासमोर सांगून टाकली. मी टेबलाखालून पाय मारत होते, त्याचा उपयोग झाला नाही.

असिमिनाबाईंनी काटा खाली ठेवला. मला वाटलं झालं आता.

"म्हणजे सासूच्या नावातून सुटायला तुमच्या बेटावर टेकडी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सपाट मैदान. मी कुठे जाणार होते? माझ्या दोन्ही पोरींना तिचंच नाव द्यायला निघाली होती ती." मग लुकासकडे वळल्या. "आणि माझं नाव तुला द्यायला सांगितलं कुणी? मला विचारलंस?"

"आई, रीत आहे म्हणून..."

"असिमिना म्हणजे चांदी. सत्तर वर्षं चांदी म्हणून हाक मारतात आणि भांडी घासून घेतात. राहू दे. मला नातीच्या घरी माझा पाहुणचार हवाय, माझं नाव नको."

लुकास म्हणाला, "मग चारातली तीन उरली." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटण मागून घेतलं.

६ एप्रिल

परत आले. आई छान राहिली. शेजारणीबरोबर पत्ते खेळायला शिकली आहे आणि लबाडी करते असं शेजारीण सांगते.

दुकानाची पाटी उतरवून रंगवायला दिली. रंगाऱ्यानं विचारलं, काय लिहू? पूर्ण नाव लिही म्हटलं. तो म्हणाला, "अक्षरं लहान होतील." होऊ देत.

१४ एप्रिल

ईस्टरच्या आठवड्यात गर्दी फार. तरी आमच्या पाद्रीबाबांना, पापा-सावासना, गाठलं, चर्चच्या अंगणात ते भिजवलेले वाटाणे खात बसले होते. विचारलं, नवस बोलल्याप्रमाणे नाव ठेवलं नाही तर?

"तर आर्गिरोचा शब्द मोडला. देवमाता काही बाळावर वसुलीला माणसं धाडत नाही."

"आणि ठेवलं तर? बाळावर त्याचं ओझं?"

"ते तुम्ही तिला काय सांगत बसता त्यावर आहे." त्यांनी मूठ पुढे केली. "घे. तुझ्या आईला सांगतेस तसं मला ओझंबिझं सांगू नकोस, वाटाणे खा."

मी त्यांना आईची गोष्ट सांगितली नाही. वाटतं त्यांना ठाऊक असावी.

२७ एप्रिल

रोज दुपारी दुकानात बसून नावं म्हणून बघते. दनाई. मारिया. मारिया-त्सांबिका. आईचं नाव, काल्लिओपी. आईला विचारलं, तुझं ठेवू? म्हणाली, "माझ्या नावाचं काय करते ती? मी अजून वापरते आहे."

मला वाटत होतं दोनच वाटा आहेत. नाव ठेवावं आणि बेबाला ऋणात घालावं. किंवा ठेवू नये आणि आर्गिरोनं प्रत्येक तापाला टेकडीकडे बघावं. पण मला हे नाव कुणाच्या ऋणातून आलंच नव्हतं. मी तसं समजत होते, सगळे समजत होते, तरी आलं नव्हतं. एका बाईनं संत्र्याच्या बागेतून लांबचा दिवा पाहिला आणि तो लेकीला दिला, इतकंच. ते मला मिळालं तसं मी देऊ शकते. नुनानं स्वतःचं नाव बाळाला देणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मी तर कितीदा मेणबत्तीवर लिहिली आहेत अशी नावं.

आर्गिरो तिचा शब्द पाळेल. बेबाला मात्र ते माझ्याकडून मिळेल. हा फरक देवमातेला कळेल. आर्गिरोला कळेल का, ते सांगता येत नाही. न कळला तर मी तिला फार दुखावणार आहे, आणि तेही सगळ्या गावासमोर.

३ मे

सगळे आले आहेत. असिमिनाबाई आणि आई स्वयंपाकघरात एकमेकींना पातेली उचलू देत नाहीत. बेबा दोन दातांनी पाव कुरतडते. आर्गिरो आज मला एकदाही एकटी भेटली नाही. संध्याकाळी जाताना म्हणाली, "उद्या मी बाहेरच थांबणार. पूर्वी बायका थांबायच्या तसं. तू नाव घेताना मला तुझा चेहरा बघवणार नाही."

मी झबल्याची घडी घालत राहिले. बोलले असते तर सांगून टाकलं असतं.

४ मे

हात अजून तेलकट आहेत, कागदाला डाग पडतायत.

आर्गिरो खरंच दाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली थांबली. आई तिच्याजवळ खुर्ची घेऊन. आत लुकास इतका पांढरा पडला होता की असिमिनाबाई त्याला कोपरानं टोचत होत्या. बेबा माझ्या हातात, उघडीवाघडी, पंच्यात गुंडाळलेली. पापा-सावासनी दर्शनी दरवाजाजवळ तीन फुंकरी मारल्या, सैतानाला हाकललं, मला तीनदा थुंकायला लावलं. मग पुस्तकातून वर न बघताच विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, "त्सांबिका. माझं नाव."

दुसरं वाक्य तिथे म्हणायचं नसतं. पापा-सावासनी वर पाहिलं, भुवई उचलली आणि पुढे वाचायला लागले. त्यानंतर तेल लावलं, आणि तेल लावलेलं बाळ हातात धरायचं म्हणजे ओल्या माशाला धरण्यासारखं आहे. पहिल्या बुडीला ती गप्प होती, दुसरीला रागावली, तिसरीला तिनं सगळं चर्च डोक्यावर घेतलं. लुकास रडत होता की हसत होता ते त्यालाही ठाऊक नसावं.

नाव ऐकताच आळीतल्या मुली बाहेर पळाल्या होत्या, बाळाच्या आईला पहिली बातमी कोण सांगतं म्हणून. दार उघडंच राहिलं. पाण्याच्या आवाजात मला बाहेरचं ऐकू येत होतं. आर्गिरोनं विचारलं, "काय ठेवलं?" आणि तिघीचौघी एकदम ओरडल्या, "नुनाचं. नुनाचं नाव ठेवलं."

बुड्या संपल्या. मी बेबाला कोरड्या पंच्यात घेत होते, तिच्या कानातलं तेल टिपत होते.

"त्सांबिका," दारातून हाक आली.

मला आर्गिरोनं जन्मभर ताई म्हटलं आहे. मी वळले. ती उंबऱ्यावर उभी होती, दोन्ही हात पुढे करून, आणि बघत होती ती बेबाकडे, माझ्याकडे नाही.